कॉन्कॉर्डची नाणी जमवायला सुरुवात करताना

मागच्या दिवाळीत भाच्याने फोनवर एक फोटो पाठवला. सोन्यासारखी चकाकणारी चकती, तिच्यावर कॉन्कॉर्ड विमान, खाली १९७६ आणि कडेने ‘लिमिटेड एडिशन’. “मामा, नाणं मिळतंय, घेऊ का?” मी विचारलं, “त्यावर किंमत किती छापली आहे? पौंड, युरो, डॉलर, काहीही?” त्याने फोटो मोठा करून दोन्ही बाजू पाहिल्या. किंमत कुठेच नव्हती. देशाचं नावही नव्हतं. म्हणजे ते नाणं नव्हतंच. ते पदक होतं, आणि तेही सोन्याचा मुलामा दिलेलं. विकणारा मात्र त्याला नाणं म्हणत होता आणि पैसेही तसेच मागत होता.

हा विषय मला फार जवळचा आहे. नवीन माणूस पहिल्याच खरेदीत असा फसला की छंदच सोडून देतो, आणि त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून ज्यांच्याकडे कॉन्कॉर्डचं, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने प्रवासी नेणाऱ्या त्या ब्रिटिश-फ्रेंच विमानाचं, एकही नाणं नाही त्यांच्यासाठी, मी ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने लिहितो आहे.

१. आधी तारखा, मग नाणी

स्मारक नाणं नेहमी कुठल्या तरी तारखेचं असतं. ती तारीख कशाची हे माहीत नसेल तर नाणं वाचताच येत नाही. कॉन्कॉर्डच्या बाबतीत घोटाळा असा की ‘पहिलं’ म्हणावं अशा तारखा अनेक आहेत.

ब्रिटन आणि फ्रान्स यांनी विमान एकत्र बांधायचा करार केला तो २९ नोव्हेंबर १९६२ ला. पहिलं विमान तुलूझच्या कारखान्यातून लोकांसमोर आलं ११ डिसेंबर १९६७ ला. ते हवेत उडालं २ मार्च १९६९ ला, वैमानिक होते आंद्रे त्युर्का. ब्रिटनमध्ये बांधलेलं विमान ब्रायन ट्रबशॉ यांनी त्याच वर्षी ९ एप्रिलला उडवलं. आवाजाचा वेग ओलांडला १ ऑक्टोबर १९६९ ला. तिकीट काढून प्रवासी बसले ते मात्र थेट २१ जानेवारी १९७६ ला. त्या दिवशी ११ वाजून ४० मिनिटांनी लंडन आणि पॅरिस इथून दोन कॉन्कॉर्ड एकाच वेळी निघाली. ब्रिटिश एअरवेजचं बहारीनला गेलं, एअर फ्रान्सचं डाकारमार्गे रिओ दी जानेरोला. शेवटची प्रवासी उड्डाणं २००३ ची: एअर फ्रान्सचं ३१ मे, ब्रिटिश एअरवेजचं २४ ऑक्टोबर.

एवढ्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाण्यावर १९६९–२००९ असं दिसलं की ती पहिल्या उड्डाणाची चाळिशी, आणि १९७६ वरून मोजलेलं असेल तर ती प्रवासी सेवेची. जाहिरातींत या दोन गोष्टी सर्रास एक करून टाकतात.

आणखी एक तारीख लिहा, ३१ डिसेंबर १९६८. त्या दिवशी सोव्हिएत संघाचं तुपोलेव तु-१४४ उडालं, कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी. आवाजाचा वेगही त्यानेच आधी ओलांडला, जून १९६९ मध्ये. त्यामुळे ‘जगातलं पहिलं स्वनातीत प्रवासी विमान’ असं कॉन्कॉर्डखाली लिहिलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याने अभ्यास केलेला नाही असं खुशाल समजा. तु-१४४ ची प्रवासी सेवा १ नोव्हेंबर १९७७ ला मॉस्को ते अल्मा-आता अशी सुरू झाली आणि ५५ फेऱ्यांनंतर १९७८ मध्ये थांबली. कॉन्कॉर्डची सत्तावीस वर्षं चालली.

२. नाणं की पदक?

भाच्याला विचारला तोच प्रश्न स्वतःला विचारा. नाण्यावर सहसा दोन गोष्टी असतात, काढणाऱ्या देशाचं किंवा प्रदेशाचं नाव (युनायटेड किंग्डमच्या नाण्यांवर त्याऐवजी राजाचं किंवा राणीचं नाव) आणि दर्शनी मूल्य, म्हणजे छापलेली किंमत. यातलं एक जरी नसलं तरी हातात आहे ते बहुधा पदक.

पदक वाईट असतं असं मी म्हणत नाही. १९६९ आणि १९७६ च्या सुमाराला खासगी टांकसाळींनी काढलेली काही पदकं कोरीवकामात फार सुंदर आहेत, आणि त्यांचा वेगळा संग्रह करणारे जाणकार लोक आहेत. फक्त पदक पदकाच्या भावाने घ्यावं. एक बारीक गोष्ट सांगतो. जुन्या ब्रिटिश वस्तूंवर कधी कधी नावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटचं ‘ई’ अक्षर नसतं. ती चूक नव्हे. ब्रिटिश सरकारने ते अक्षर गाळलं होतं आणि १९६७ च्या त्या डिसेंबरमध्ये तुलूझला ब्रिटिश मंत्री टोनी बेन यांनी ते पुन्हा जोडल्याचं जाहीर केलं. ‘ई’ नसलेलं अस्सल पदक त्यामुळे सहसा त्याआधीच्या काळातलं असतं, आणि तसं सापडलं तर मी ते आनंदाने घेईन.

नाणं आहे हे ठरलं की देश बघा. राणीचा चेहरा दिसला म्हणजे नाणं युनायटेड किंग्डमचंच असं नाही. आयल ऑफ मॅन, गर्न्सी, आल्डर्नी, जिब्राल्टर यांची स्वतःची नाणी निघतात आणि त्यांवरही तोच चेहरा असे. तुवालू, कुक बेटं अशा पॅसिफिकमधल्या छोट्या देशांच्या नावानेही संग्राहकांसाठी नाणी पाडली जातात, दूरच्या टांकसाळीत. कायद्याने ती खरी नाणीच. पण त्या देशाचा विमानाशी काही संबंध नसतो, आणि मला स्वतःला ती जमवावीशी वाटत नाहीत. ज्यांनी विमान बांधलं त्यांच्या नाण्यांपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

३. विमान ओळखायला शिका

नवीन लोक ही पायरी गाळतात. मला यातच सगळ्यात जास्त गोडी वाटते.

नाणं दिव्याखाली थोडं तिरपं धरा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावा. आधी नाक बघा. कॉन्कॉर्डचं नाक हलत असे. उतरताना विमानाचं तोंड इतकं वर उचललेलं असायचं की वैमानिकाला धावपट्टी दिसेना. म्हणून नाक खाली झुकवायची सोय होती, उड्डाणाच्या वेळी ५ अंश आणि उतरताना १२.५ अंश. वेगात असताना ते सरळ असे आणि काचेसमोरचा पडदाही वर आलेला असे. तेव्हा नाण्यावर नाक पूर्ण झुकलेलं असेल तर चाकंही बाहेर असायला हवीत. नाक पूर्ण झुकलेलं, चाकं आत आणि मागे ताऱ्यांचं आकाश असं चित्र असेल, तर कलाकाराने दोन फोटो एकमेकांना जोडले आहेत.

मग तो पडदा बघा. १९६९ च्या पहिल्या दोन नमुना विमानांवर तो जवळपास बंद धातूचा होता, बाहेर बघायला दोन लहान खिडक्या. पुढे प्रवासी वाहतुकीच्या विमानांवर तो पूर्ण काचेचा झाला. शेपटीकडचं टोकही लांब झालं. पहिल्या उड्डाणाच्या स्मारक नाण्यावर काचेचं नाक आणि लांब शेपटी दिसली तर ते १९६९ चं विमान नव्हे. नाणं त्याने खोटं ठरत नाही, टांकसाळी अशा चुका करतात. पण हे तुमच्या डोळ्यांनी तुम्हाला सापडलं की नाणं तुमचं होतं.

पंख पाठीमागे वळत जाणारे, एकसंध. शेपटीजवळ आडवे छोटे पंख नाहीतच. इंजिनं चार, प्रत्येक पंखाखाली दोन-दोनच्या जोडीने एका पेटीत. आणि कॉकपिटच्या मागे, डोक्यावर, मिशांसारखे दोन छोटे पंख बाहेर आलेले दिसले तर ते कॉन्कॉर्ड नाहीच, तु-१४४ आहे. कमी वेगात तोल सांभाळायला ते बाहेर काढत. ‘कॉन्कॉर्ड’ म्हणून विकायला ठेवलेल्या वस्तूवर मी या मिशा पाहिलेल्या आहेत.

शक्य असेल तर खरं विमान बघून या. एकूण वीसच बांधली गेली आणि त्यातली बहुतेक आज संग्रहालयांत आहेत. न्यू जर्सीत नातेवाईक असणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. तिकडे गेलात तर मॅनहॅटनच्या इंट्रेपिड संग्रहालयात जी-बीओएडी या नोंदणी क्रमांकाचं कॉन्कॉर्ड आहे. ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत गेलेलं ते हेच. याच विमानाची डावी बाजू एके काळी सिंगापूर एअरलाइन्सच्या रंगात रंगवलेली होती. बहारीनमार्गे सिंगापूरची ती सेवा टिकली नाही. आधी मलेशियाने आवाजाबद्दल तक्रार केली, आणि भारताच्या आकाशात आवाजाच्या वेगापुढे जायला परवानगी मिळाली नाही. १९८० मध्ये ती बंद झाली. तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियानेही साठच्या दशकात दोन कॉन्कॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, आणि १९७२ च्या पूर्वेकडच्या दौऱ्यात ब्रिटिश नमुना विमान मुंबईला येऊन गेलं. ती दोन विमानं एअर इंडियाने कधीच घेतली नाहीत. घेतली असती तर आज आपल्या टांकसाळीचंही एखादं नाणं या यादीत असतं, असं मला राहून राहून वाटतं.

४. वजन, व्यास आणि पाण्याची परीक्षा

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि व्हर्नियर कॅलिपर, एवढी हत्यारं पुरतात.

ब्रिटिश मापाचं मोठं स्मारक नाणं, ज्याला क्राउन म्हणतात आणि ज्यावर हल्ली ५ पौंड लिहिलेलं असतं, २८.२८ ग्रॅम वजनाचं आणि ३८.६१ मिलिमीटर व्यासाचं असतं. सात बाजूंचं ५० पेन्सचं नाणं ८ ग्रॅम आणि २७.३ मिलिमीटर. फ्रान्सची २००९ च्या आसपासची १० युरोची चांदीची नाणी साधारण २२.२ ग्रॅम आणि ३७ मिलिमीटरची, कस ९००, म्हणजे हजारात नऊशे भाग चांदी.

इथे एक खोच आहे. क्राउन तांबं-निकेलचं असो की ९२५ कसाच्या चांदीचं, वजन तेच २८.२८ आणि व्यासही तोच. नुसत्या काट्यावर फरक कळणार नाही. चुंबकही उपयोगी नाही, कारण दोन्ही चिकटत नाहीत. चुंबकाला चिकटलं तर आत पोलादासारखा चुंबकी धातू आहे, एवढंच त्यातून कळतं.

तेव्हा पाणी वापरा. काट्यावर अर्धा ग्लास डिस्टिल्ड वॉटर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. २८.२८ ग्रॅमचं नाणं स्टर्लिंग, म्हणजे ९२५ कसाच्या चांदीचं असेल तर आकडा २.७ च्या आसपास येतो, तांबं-निकेलचं असेल तर ३.२ च्या आसपास. चांदी जड, म्हणून तेवढ्याच वजनात ती जागा कमी घेते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा काट्यावर २.७३ स्थिर झालेलं बघून हातातला दोरा हलू नये म्हणून श्वास रोखून बसलो होतो. नंतर नाणं मऊ सुती कापडावर ठेवून आपोआप वाळू द्या, पुसू नका. आणि कॅप्सूलमध्ये बंद असलेल्या आरशासारख्या नाण्यावर हा प्रयोग अजिबात करू नका. ते बाहेर काढलं की त्याची किंमत उतरते.

शेवटी नाणं वरच्या आणि खालच्या कडेला बोटांत धरून उभ्या अक्षाभोवती फिरवा, पुस्तकाचं पान उलटतो तसं. ब्रिटिश आणि युरो नाण्यांची मागची बाजूही सरळच दिसायला हवी, आपल्या रुपयासारखी. उलटी आली तर थांबा आणि कोणाला तरी दाखवा.

५. प्रूफ, बीयू आणि बाकीचं

हे थोडक्यात. प्रूफ म्हणजे घासून चकचकीत केलेल्या साच्यांनी, तयार केलेल्या चकतीवर एकाहून जास्त वेळा ठोकलेलं नाणं. पार्श्वभूमी आरशासारखी, उठाव दुधी. बीयू म्हणजे व्यवहारात न आलेलं, चांगल्या घडणीचं, पण आरसा नसलेलं. पिएडफोर्ट म्हणजे दुप्पट जाडीचं. नवशिक्याने बीयूपासून सुरुवात केली तर हात लावायची भीती कमी राहते.

‘जास्तीत जास्त इतकी नाणी’ असा आकडा प्रमाणपत्रावर असतो. ती मर्यादा असते, प्रत्यक्षात विकली गेलेली संख्या तिच्याहून कमी असू शकते.

६. पहिलं नाणं कोणतं घ्यावं

माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिल्या उड्डाणाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २००९ मध्ये, मोनॅ द पारी या फ्रेंच टांकसाळीने काढलेलं कॉन्कॉर्डचं १० युरोचं चांदीचं नाणं. ही टांकसाळ इसवी सन ८६४ पासूनची परंपरा सांगते. तिची खूण म्हणजे फळाफुलांनी भरलेलं शिंग, ते भिंगाने शोधा. आपल्या मुंबई टांकसाळीचा जसा चौकटचा छोटा शिक्का, तशीच ही खूण.

त्याच्या जोडीला रशियाच्या मध्यवर्ती बँकेने २०११ मध्ये काढलेलं तु-१४४ चं १ रूबलचं चांदीचं नाणं ठेवा. ते लहान आहे, आत ७.७८ ग्रॅम शुद्ध चांदी, आणि धातू व कस नाण्यावरच कोरलेला असल्यामुळे नवीन माणसाला वाचायला सोपं. दोन्ही शेजारी ठेवली की कुठल्या विमानाला मिशा आहेत ते कोणीही सांगेल.

भाव ठरवताना आधी धातूची किंमत काढा. २२.२ ग्रॅमला ०.९०० ने गुणलं की १९.९८ ग्रॅम शुद्ध चांदी. त्याला त्या दिवशीच्या सराफ बाजारातल्या दराने गुणा. त्याहून जे जास्त मागितलं जातंय ते कोरीवकामाचं, दुर्मिळपणाचं आणि हौसेचं. ते किती द्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, पण आकडा माहीत असू द्या. मागणाऱ्याचा भाव बघण्यापेक्षा तेच नाणं लिलावांत खरोखर किती रुपयांना गेलं ते बघा.

परदेशातून मागवणार असाल तर साध्या पाकिटातून नाणी पाठवायला आंतरराष्ट्रीय टपाल नियमांत मनाई आहे हे लक्षात ठेवा. विमा उतरवलेलं पार्सलच मागा. चांदी-सोन्याच्या आयातीचे नियम आणि सीमाशुल्क बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी कुरियरवाल्याकडे चौकशी करा. युरोतली अशी संग्राहक नाणी काढणाऱ्या देशातच चलन म्हणून वैध असतात. फ्रान्सचं १० युरोचं नाणं जर्मनीत कोणी घेणार नाही.

डोळा तयार व्हायला आपल्याकडच्या जागाही पुरेशा आहेत. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय, नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेतलं संग्रहालय. कॉन्कॉर्ड तिथे भेटणार नाही, पण साचा, ठसा, झीज आणि बनावट यांतला फरक सातवाहनांच्या नाण्यावरही तसाच शिकता येतो.

७. घरी आणल्यावर

माझ्या आईने एका लक्ष्मीपूजनाला माझं चांदीचं क्राउन ताम्हनात ठेवलं. आधी चिंच-मिठाने लख्ख घासलं, मग हळदकुंकू वाहिलं. तिच्या मनात त्याचा मानच होता, आणि मी तिला काही बोललो नाही. पण भिंगाखाली विमानाच्या पंखांवर गोल गोल ओरखडे कायमचे उमटलेले दिसतात, आणि अक्षरांच्या खाचांतलं कुंकू अजून निघालेलं नाही. आता पूजेसाठी सराफाकडचं साधं चांदीचं नाणं वेगळं ठेवलेलं असतं. तुम्हीही तसंच करा.

नाणं कधीही घासू नका. चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. चांदीवर हळूहळू चढणारी निळसर-सोनेरी छटा जाणकारांना आवडते. धरायचं ते कडेने, दोन बोटांत, खाली मऊ कापड अंथरून. ॲक्रिलिकची व्यासाला नेमकी बसणारी कॅप्सूल घ्या, ३७ मिलिमीटरचं नाणं ३९ च्या कॅप्सूलमध्ये खुळखुळतं. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत काही वर्षांनी हिरवा चिकट थर चढतो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदी काळी करतात. कपाटातल्या डांबरगोळ्यांपासूनही लांब ठेवा, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक खराब होतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्याच लागतात. मी ऑगस्टमध्ये त्या एकदा बदलतो.

आणि प्रत्येक नाण्याची चिठ्ठी लिहा: देश, मूल्य, वर्ष, कुठल्या तारखेचं स्मारक, धातू, तुम्ही स्वतः केलेलं वजन, कुठून आणि किती रुपयांना घेतलं. चिठ्ठी नाण्याच्या कॅप्सूलमध्ये घालू नका, डब्यात वेगळी ठेवा. भाच्याने त्या दिवशीचं पदक घेतलं नाही. दोन महिने थांबून त्याने २००९ चं १० युरो घेतलं, आणि त्याच्या वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं आहे: २२.१९ ग्रॅम, शिंगाची खूण सापडली.